जहाजावरची जान बारे

समुद्रमार्गाने पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात स्त्री कोणी राणी नव्हती. जान बारे हे तिचे नाव. १७४० साली फ्रान्समधल्या ला कोमेल या खेड्यात, कष्टकरी गरिबाच्या घरी ती जन्मली.

फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घरी ती कामाला होती. त्याची बायको वारल्यावर दोघांचे संबंध जुळले. १७६४ साली ती गरोदर राहिली. सरकारी कागदावर बापाचे नाव सांगायला तिने नकार दिला. बोल लागला तो तिलाच.

पुढे बोगनव्हिल यांच्या जगप्रदक्षिणेच्या मोहिमेत कॉमर्सनची निवड झाली. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईमाणसाला बंदी! मग जानने पुरुषी कपडे चढवले आणि १७६६ च्या अखेरीस ‘एतवाल’ जहाजावर ती कॉमर्सनचा नोकर म्हणून दाखल झाली. सामान फार म्हणून कप्तानाने त्यांना स्वतःची खोली दिली, एवढाच काय तो आडोसा.

कॉमर्सनचा पाय चिघळलेला. त्यामुळे डोंगर चढायचे, अन्न, बंदुका आणि झाडपाला दाबायचे कागद पाठीवर वाहायचे, हे सगळे जानच्या वाट्याला आले. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, बर्फातही ती मागे हटली नाही. आपल्याकडे दारोदार फुलते ती बोगनवेल याच सफरीत ब्राझीलमध्ये नोंदली गेली. ती जाननेच तोडून आणली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. नाव मात्र बोगनव्हिल यांचे लागले!

एप्रिल १७६८ मध्ये ताहिती बेटावर तिथल्या लोकांनी ही बाई आहे हे ओळखले, असे बोगनव्हिल यांनी नोंदवले आहे. त्या वर्षाअखेर ती आणि कॉमर्सन मॉरिशसला उतरले. १७७३ मध्ये तो तिथेच वारला. परक्या मुलखात एकटी पडलेली जान खचली नाही. तिने दारूचा गुत्ता चालवला, १७७४ मध्ये दुबेर्ना नावाच्या फ्रेंच सैनिकाशी लग्न केले, आणि त्यानंतर फ्रान्सला परतून प्रदक्षिणा पुरी केली. स्वागताला कोणी नव्हते.

१७८५ साली मात्र आरमार खात्याने तिची कामगिरी मान्य करून वर्षाला २०० लिव्हर पेन्शन बांधून दिली. ज्या खात्याने बाईला बंदी घातली होती, त्याच खात्याने! १८०७ साली ती वारली.

कॉमर्सनने तिच्या नावावरून एका झाडाचे नाव ठेवले होते, ते टिकले नाही. कॉमर्सनच्या नावाच्या वनस्पती मात्र कितीतरी आहेत. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या, वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका रानवेलीला शास्त्रज्ञांनी ‘सोलॅनम बारेतिए’ असे नाव दिले.