भास्कराचार्य आणि त्रुटी

शके १०३६, म्हणजेच इ.स. १११४ मध्ये, विज्जलवीड नावाच्या गावी महेश्वर नामक विद्वान ज्योतिष्याच्या घरी भास्कराचार्यांचा जन्म झाला. वडील हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पूर्ण केला. सुप्रसिद्ध ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग मानला जातो.

त्या काळी वेळ मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर तरंगत ठेवीत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली असे समजत. या छिद्रात मोती अडकून लीलावतीच्या विवाहाचा मुहूर्त टळला, अशी एक कथा आहे. ती फैजीने इ.स. १५८७ च्या आपल्या फारसी भाषांतरात दिली. आचार्यांच्या ग्रंथात ती नाही. तिला इतिहास मानता येत नाही, तथापि घटिकापात्रावर कितपत विसंबावे हे तीवरून चांगले कळते.

आकाशातील चंद्र मात्र घटिका भरण्याची वाट पाहत नाही. त्याची गती क्षणोक्षणी पालटते. दिवसाची सरासरी गती धरून तिथीचा अंत काढू गेल्यास तो चुकतो. म्हणून आचार्यांनी त्या त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती घेण्याचा मार्ग दाखविला.

त्याच ग्रंथात त्यांनी काळाचे अतिसूक्ष्म भाग सांगितले आहेत. एका अहोरात्रात ९,७२,००० निमेष. निमेषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. आजच्या सेकंदांत मांडल्यास निमेष म्हणजे सुमारे ८.८९ गुणिले दहाचा उणे दुसरा घात, तत्पर म्हणजे २.९६ गुणिले दहाचा उणे तिसरा घात आणि त्रुटी म्हणजे २.९६ गुणिले दहाचा उणे पाचवा घात. पाच हा अंक तिनाहून मोठा पाहून त्रुटीच मोठी, असे विद्यार्थी हमखास म्हणतात! घात उणे असता गोष्ट उलट होते. तत्पर व त्रुटी यांच्या घातांत दोहोंचे अंतर आहे, म्हणून तत्पर शंभरपट मोठे. निमेष व तत्पर यांच्या घातांत अंतर एकाचेच, परंतु ८.८९ ही संख्या २.९६ च्या तिप्पट आहे. तेव्हा तीन दाहे तीस.

त्रुटी किती अल्प? प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो; एका त्रुटीत तो जेमतेम नऊ किलोमीटर जाईल. धाराशिव शहरातून निघालेला किरण तेवढ्या वेळात सुमारे आठ किलोमीटरांवरील बालाघाटच्या लेण्यांच्या किंचित पलीकडे पोचेल.

हा काळ मोजणारे कोणतेही यंत्र आचार्यांपाशी नव्हते. त्यांनी आपल्या ग्रंथात अनेक यंत्रांचे वर्णन केले, परंतु सर्वांत श्रेष्ठ मानले ते बुद्धिरूपी यंत्र. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला. इ.स. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.