मुलांच्या दारी आलेली शाळा

सकाळची घंटा होते, मुले रांगेने वर्गात शिरतात, हजेरी होते आणि धडा सुरू होतो. हा नित्यक्रम तुमच्या इतक्या परिचयाचा आहे की, त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे तुमच्या मनातही येत नसेल. परंतु हजेरीपटावरील एखाद्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण का पडते, एखादा मुलगा वर्गात येऊनही शेवटच्या रांगेत मुका का बसून राहतो, पावसाळा लागला की एखादी मुलगी शाळेतून दिसेनाशी का होते, हे प्रश्न ज्या शिक्षकाला पडतात त्याच्याच हातून शिक्षणाचे खरे काम होते. हे प्रश्न ज्यांनी आयुष्यभर मनाशी बाळगले आणि त्यांची उत्तरे मुलांच्या घरांत, अंगणांत आणि कुरणांत जाऊन शोधली, त्या ताराबाई मोडक ह्यांचे हे चरित्र आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे, स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, हा संस्कार त्यांना घरातच लाभला. मुलीने शाळेचा उंबरठा ओलांडणे हेही जेव्हा अनेक घरांत धाडसाचे वाटे, त्या काळात १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला व त्या अमरावतीस राहावयास गेल्या. परंतु तो संसार फार काळ टिकला नाही. पदरात एक लहान मुलगी आणि पुढे अनिश्चित भविष्य, अशा स्थितीत त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. मान होता, चांगले वेतन होते. दुसऱ्या कोणी तेथेच समाधान मानले असते.

परंतु राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगर शहरात एक वेगळाच प्रयोग चालू होता. तेथे वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि लहान मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते हे जगाला दाखवून दिले. त्यांच्या विचारांचा गिजुभाईंवर खोल परिणाम झाला होता. १९२३ साली ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरच्या बालमंदिरात रुजू झाल्या. मोठ्या विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या विदुषीने तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसावे, ह्याचे अनेकांना नवल वाटले असेल. ताराबाईंना मात्र आपल्या आयुष्याची वाट तेथे सापडली.

त्या काळच्या सर्वसामान्य वर्गात शिक्षकाच्या हाती छडी असे आणि मुलाच्या मनात भीती असे. मुलांनी हालचाल करू नये, बोलू नये, सांगितलेले घोकावे, ह्यालाच शिस्त म्हणत. बालमंदिरातील दृश्य निराळे होते. तेथे मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर साधने मांडलेली असत. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, आसन पसरून त्यावर बसावे, काम पुरे होईपर्यंत रमावे आणि वस्तू पुन्हा जागच्या जागी ठेवावी. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात लहानमोठ्या खाचा असत व त्या खाचांत बसणारे दट्टे असत. जाड दट्टा अरुंद खाचेत शिरत नाही. बारीक दट्टा रुंद खाचेत बसवला, तर शेवटी एक दट्टा उरतो. चूक झाली हे शिक्षकाने सांगावे लागत नाही. ती त्या वस्तूच मुलाला सांगतात आणि मूल स्वतःच ती सुधारते. शिक्षकाने एकदा कृती दाखवावी, बाजूला व्हावे आणि लक्षपूर्वक पाहत राहावे. कोणते मूल कशात रमते, कोणाला कोठे अडते, कोणाचे डोळे जड झाले आहेत, कोण उपाशी आले आहे, हे पाहणे हाच शिक्षकाचा मोठा अभ्यास होय. ताराबाईंनी हा अभ्यास जवळजवळ नऊ वर्षे केला.

वर्गात मुलाला धीर मिळतो. पण घरी त्याला गुरुजींच्या नावाने धाक घातला, शेजारच्या मुलाशी त्याची सतत तुलना केली, तर दिवसभराचे काम संध्याकाळी पुसले जाते. म्हणून शिक्षकांइतकेच पालकांनाही शिकवले पाहिजे, हे गिजुभाई व ताराबाई ह्यांनी ओळखले. १९२६ साली त्या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक प्रथम गुजरातीत आणि १९३३ पासून मराठीत निघू लागले. मुलांना का मारू नये, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे का द्यावीत, त्यांना घरातील कामे आपल्या हातांनी का करू द्यावीत, हा नवा विचार अशा लेखनातून घराघरांत पोहोचू लागला.

मुंबईस परतल्यानंतर ताराबाईंनी १९३६ साली दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी केली. तेथे बालमंदिर चालू लागले आणि शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही सुरू झाले. संस्थेचा लौकिक वाढला. परंतु ह्या लौकिकातच ताराबाईंना एक उणीव जाणवू लागली. येथे येणारी मुले सुस्थितीतील घरांची होती. साधने महाग होती. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत राहत होती आणि त्यांच्यापर्यंत ह्यातील काहीच पोहोचत नव्हते. जे शिक्षण गरिबाच्या मुलाला मिळू शकत नाही ते कितीही उत्तम असले तरी अपुरेच, असा ताराबाईंच्या मनाचा कौल होता. वयाची पन्नाशी उलटली असता, विसाव्याचा विचार करण्याच्या वयात, त्यांनी शहर मागे टाकले.

१९४५ साली त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. (आता हे गाव पालघर जिल्ह्यात आहे.) ह्या कामात त्यांना अनुताई वाघ ही जन्माची सोबतीण लाभली. बालपणीच विवाह आणि लगेच वैधव्य असे दुःख वाट्याला आले असता, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी ताराबाईंचा शब्द आपले व्रत मानला.

बोर्डीला वर्गाचा दिवस घंटेने सुरू होत नसे. तो घरोघर जाऊन मुले गोळा करण्यापासून सुरू होई. मुले आली की प्रथम त्यांना स्वच्छ करावे लागे. हातपाय धुणे, अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे शिक्षिका स्वतः करीत. हे काम शिक्षकाचे नव्हे, असे त्यांनी कधी मानले नाही. खाज सुटलेल्या अंगाने आणि चिकटलेल्या डोळ्यांनी मूल काय पाहणार आणि काय ऐकणार? थोड्याच वर्षांनी, १९४८ साली, अप्पासाहेब पटवर्धनांनी आमच्या कणकवली येथे गोपुरी आश्रम उभारला आणि सफाईच्या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आपले आयुष्य वेचले. कोणतेही काम हलके नसते, हा त्या काळच्या थोर माणसांचा धर्मच होता. बोर्डीच्या बालवाडीत तो रोज सकाळी आचरला जात होता.

महाग साधनांचा प्रश्नही ताराबाईंनी तेथेच सोडवला. समुद्रकाठी शिंपले होते, ओहोळात गोटे होते, झाडांखाली बिया, पाने व फुले होती. बांबू आणि माती तर कोठेही मिळत होती. लहानमोठे ओळखायचे तर गोटे लावावेत, मोजायचे तर बिया मोजाव्यात, रंग शिकायचे तर पाने-फुले निवडावीत. परदेशी पद्धतीचे तत्त्व त्यांनी ठेवले आणि त्याला आपल्या मातीचे रूप दिले.

तरीही काही मुले येतच ना. गावाबाहेरील दलित वस्तीतील मुलांना बालवाडीपर्यंत येण्याचा संकोच वाटे आणि त्यांच्या आईबापांना धीर होत नसे. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, असा साधा विचार त्यांनी केला. वस्तीतील घरांच्या अंगणातच वर्ग भरू लागला. ओळखीचे अंगण, समोर काम करणारी आई आणि भोवती शेजारची भावंडे. मूल तेथे बुजणार कशाने? ह्यातूनच ‘अंगणवाडी’ हे नाव आणि ती कल्पना जन्माला आली.

१९५६-५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर नेण्यात आले. भोवती वारली आदिवासींचे पाडे होते. तेथील प्रश्न अधिक बिकट होते. मूल घरी वारली बोली बोलणारे; वर्गात ऐकू येणारी पुस्तकी मराठी त्याला परकी वाटे. जे मूल उत्तर देत नाही ते मंद असते असे नाही. कदाचित त्याला प्रश्नच कळलेला नसतो. म्हणून प्रथम त्याच्या बोलीचा, त्याच्या गाण्यांचा व गोष्टींचा आदर करावा लागतो. मग ते मूल आपणहून बोलू लागते.

दुसरी अडचण घरातील कामाची होती. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला कडेवर घेण्याचे काम सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येई. तिला शाळेत ये म्हणणे सोपे होते. पण कडेवरचे मूल कोणी सांभाळावे? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. मोठी बहीण येताना धाकट्याला घेऊन येई. तान्हे मूल पाळणाघरात निजे, मधले बालवाडीत खेळे आणि मोठी मुलगी निश्चिंत मनाने पाटी घेऊन बसे. ह्या योजनेला त्यांनी ‘विकासवाडी’ असे नाव दिले.

तरीही गुरे राखणारी मुले उरलीच. गुरे सोडून शाळेत बसावे तर घरची चूल अडते. तेव्हा शिक्षकच गुरांमागून कुरणात जाऊ लागला. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. खेळ, गाणी, गोष्टी, मोजणी, पक्षी आणि झाडे ह्यांची ओळख, असा अभ्यास चाले. ही ‘कुरणशाळा’ होय. तिला भिंती नव्हत्या, फळा नव्हता. पण ती खरी शाळा होती, कारण तेथे मूल होते आणि त्याला समजून घेणारा शिक्षक होता.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, कोसबादचे कार्य चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. वर्गात मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे ह्याला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. भावनगरच्या बालमंदिरात जी गोष्ट प्रेमाने पाळली जात होती, ती जवळजवळ नव्वद वर्षांनी देशाचा कायदा झाली.

आपल्या कोकणात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. मुसळधार पाऊस लागला की ओहोळ फुगतो आणि साकव पाण्याखाली जातो. लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. अशा दिवशी वर्गात एखादी जागा रिकामी दिसली तर शिक्षकाने रागावण्यापूर्वी त्या मुलाची वाट डोळ्यांपुढे आणावी, पालकांनी मुलाला घरी ठेवण्यापूर्वी त्याचा चुकलेला धडा आठवावा, आणि तुम्ही वर्गमित्रांनी दुसऱ्या दिवशी आपली वही त्याच्यापुढे उघडी करावी. ताराबाईंनी मोठी तत्त्वे अशाच लहान गोष्टींत पाहिली. राजकोटच्या महाविद्यालयापासून कोसबादच्या कुरणापर्यंतच्या प्रवासात पद आणि सुखसोयी मागे पडत गेल्या. पण दर पावलाला त्या कोणा एका वंचित मुलाच्या अधिक जवळ आल्या. शाळेच्या दारातून परत फिरणारे एकही मूल उरू नये, हाच त्यांच्या स्मृतीला खरा प्रणाम होय.

स्वाध्याय

१. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडून बालमंदिरात काम करण्याचे का पत्करले असावे?
२. बालमंदिरातील वर्ग व त्या काळचा सर्वसामान्य वर्ग ह्यांतील फरक सांगा.
३. अंगणवाडी, विकासवाडी व कुरणशाळा ह्यांपैकी प्रत्येक योजना कोणत्या अडचणीतून निघाली?
४. तुमच्या वर्गात वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाची अडचण समजून घेण्यासाठी शिक्षक, पालक व वर्गमित्र काय करू शकतील, ते दहा ओळींत लिहा.