अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ वाचकाला कळतो तो कसा?

अण्णाभाऊ साठे साताऱ्याचे की सांगलीचे? दोन्हीकडचे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगलीच्या वाळवा तालुक्यात आहे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे घरच्यांसोबत पायी मुंबई, गिरणीतले काम, कम्युनिस्ट चळवळ आणि १९४४ मध्ये अमर शेख, गवाणकरांसह लालबावटा कलापथक.

‘फकिरा’ कादंबरी १९५९ ची. इंग्रजी राजवटीने मांग समाजावर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारून मागे हजेरी लावली होती. त्या शिक्क्याला अण्णाभाऊ पात्रांच्या कृतीने उत्तर देतात. वर्णनाची हौस त्यांनाही आहे. पण माणूस उलगडतो तो निवडीच्या क्षणी. बाप राणोजी गावासाठी जोगणी आणताना जीव गमावतो. दुष्काळात फकिरा धान्य लुटतो, पण भुकेल्यांसाठी. शेवटी इंग्रज त्याची माणसे डांबतात, तेव्हा तो स्वतःहून हजर होतो. सरकारी नोंदीत मात्र हा दरोडेखोर!

१९६१ मध्ये कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. अण्णाभाऊ अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिले. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले.