शिकायला विलायतेला गेलेली अतिया

पिंपरी, भोसरी, चाकणला कामधंद्यासाठी आलेल्या आपल्या समाजात मराठवाड्याची माणसं आहेत, सोलापूरची आहेत आणि कोकणातलीही आहेत. दहावी-बारावीचा निकाल लागला की एक विषय हमखास निघतो. पोरगी हुशार आहे, मार्क चांगले आहेत, पण कॉलेज लांब आहे, हॉस्टेलवर ठेवायचं का? अशा वेळी आम्हाला अतिया फैजी आठवतात. मुरूड-जंजिऱ्याशी नातं असलेल्या या बाईंचं नाव कोकणातल्या आपल्या लोकांनाही आता फारसं माहीत नाही.

अतिया बेगम यांचा जन्म 1877 चा, तोही इस्तंबूलमध्ये. वडील हसनअली व्यापारी होते, उस्मानी दरबाराशी त्यांचा व्यवहार होता. आई अमीरुन्निसा मुंबईच्या तय्यबजी खानदानातली. काँग्रेसचे 1887 चे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत पुढे असलेले बदरुद्दीन तय्यबजी हे आईचे चुलते. जोहरा, नाझली आणि अतिया या बहिणी मुंबईत शिकल्या-वाढल्या. नाझली जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम झाल्या आणि मुरूडचा राजवाडा अतियांचंही घर झाला.

1906 साली सरकारी स्कॉलरशिप मिळवून अतिया जहाजाने लंडनला निघाल्या. वय 29, लग्न झालेलं नाही, आणि जायचं कशाला, तर शिक्षिका होण्याचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला. राणी किंवा बेगम म्हणून विलायत पाहून येणं वेगळं. विद्यार्थिनी म्हणून वर्गात बाकावर बसायचं, परीक्षेची तयारी करायची, हे त्या काळी मुसलमान घरातल्या बाईसाठी जवळपास न ऐकलेलं होतं. आजही एखादी मुलगी परदेशी निघाली तर चार नातेवाईक घरी येऊन समजावतात. तेव्हा काय झालं असेल?

लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्या दाखल झाल्या. तिथून त्या जी रोजनिशी घरी पाठवत होत्या, ती लाहोरच्या तहजीब-ए-निस्वाँ या साप्ताहिकात छापून येऊ लागली. हे साप्ताहिक सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी 1898 मध्ये खास बायकांसाठी सुरू केलं होतं. पडद्यात बसून उर्दू वाचणाऱ्या बायकांना आपल्यातलीच एक जण कॉलेजात कशी राहते, काय बघते, हे घरबसल्या कळत होतं. आमच्या मते अतियांचं सगळ्यात मोठं काम हेच. पुढे 1921 मध्ये ही रोजनिशी जमाना-ए-तहसील, म्हणजे शिक्षणाचे दिवस, या नावाने पुस्तकरूपात आली.

तो कोर्स मात्र पुरा झाला नाही. तब्येत ढासळली आणि साधारण वर्षभरातच, 1907 मध्ये, त्या सर्टिफिकेट न घेता परतल्या.

लंडनमध्येच त्यांची इक्बाल यांच्याशी ओळख झाली. पुढे पत्रव्यवहार राहिला, जंजिऱ्याला यायचं आमंत्रणही गेलं, पण इक्बाल काही आले नाहीत. मौलाना शिबली नोमानी मात्र जंजिऱ्याला येऊन गेले. अतियांचं नाव निघालं की उर्दूवाले याच दोन पत्रव्यवहारांच्या गप्पा रंगवतात. आम्हाला याचा राग येतो. बाई शिकली, तिने लिहिलं, सभा गाजवल्या, आणि लक्षात काय राहिलं, तर कोणत्या मोठ्या माणसाने तिला पत्रं लिहिली!

1912 मध्ये त्यांनी चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी निकाह केला. रहमीन आपल्या पुण्याचे, 1880 चा जन्म, बेने इस्राएल ज्यू घराण्यातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहमीन असं जोडनाव लावलं. त्या काळात नवऱ्याने बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडलं, हे पुण्यातही किती जणांना ठाऊक असेल? अतियांनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते 1914 मध्ये निघालं. चित्रं रहमीन यांची.

अलीगढची गोष्ट सांगितलीच पाहिजे. 1920 साली तिथे युनिव्हर्सिटी झाली आणि पहिल्या चान्सलर झाल्या भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, म्हणजे एक बाई. पण शिक्षण परिषदेत बायकांनी पडद्याआडच बसायचं, ही रीत कायम होती. 1920 च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या एका परिषदेत अतिया उघड्या चेहऱ्याने पुढे आल्या आणि भरसभेत बोलल्या. अल्लाहच्या जमिनीवर मोकळेपणी वावरायचा हक्क पुरुषांइतकाच बायकांनाही आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पडद्याबद्दल आपल्यात आजही मतं वेगवेगळी आहेत, असू द्यात. पण शिक्षणाची चर्चा चालू असताना जिच्या शिक्षणाबद्दल बोलतोय तिनेच गप्प बसायचं, हे त्यांना मान्य नव्हतं.

फाळणीनंतर जिना यांच्या बोलावण्यावरून 1948 मध्ये अतिया, रहमीन आणि नाझली कराचीला गेले. तिथे त्यांनी मुंबईतल्यासारखंच कलेचं घर उभं केलं. जिना गेल्यावर दिवस फिरले. घर हातातून गेलं, पैशांची ओढाताण झाली. 1964 मध्ये रहमीन वारले, जानेवारी 1967 मध्ये अतिया आणि पुढच्याच वर्षी नाझली. त्यांची ती रोजनिशी 2010 मध्ये इंग्रजीत आली. मराठीत ती कोणी आणणार असेल, तर त्यातली थोडी पानं इथे छापायला आम्ही तयार आहोत.