खिडकीपाशी अडलेला हक्क

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० साली पंधरावी दुरुस्ती झाली. वर्णावरून कुणाचाही मताधिकार हिरावता येणार नाही, असे तिने बजावले. तरीही आपल्याला मत देता येते, हे मिसिसिपी राज्यातल्या फॅनी लू हेमर या कृष्णवर्णीय बाईंना कळले ते १९६२ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी!

दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात १९१७ साली जन्मलेले हे विसावे, शेंडेफळ. सहाव्या वर्षीच त्या कापूस वेचू लागल्या. शाळा लवकर सुटली. पण लिहितावाचता येत असल्याने पुढे मळ्यावर हजेरी मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले.

रुलव्हिलच्या चर्चमधल्या एका सभेत त्यांना मताधिकाराची माहिती मिळाली. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी सतरा सोबत्यांसह फॅनीबाई बसने इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेल्या. तिथे राज्यघटनेतले एक क्लिष्ट कलम पुढे आले. ते उतरवून काढायचे आणि अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी अधिकारी. फॅनीबाई नापास झाल्या. परतताना बसचा रंग फार पिवळा आहे म्हणून पोलिसांनी दंड ठोठावला. घरी पोचतात तो मळेवाल्याचे फर्मान हजर: अर्ज मागे घ्या, नाहीतर चालते व्हा. अठरा वर्षांचे काम आणि राहते घर त्याच रात्री सुटले.

जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्या. मत द्यायला गेल्या, तर मतदान-कराच्या दोन वर्षांच्या पावत्या मागितल्या गेल्या. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला ही तऱ्हा चांगली ठाऊक आहे. तोंडावर नाही म्हणायचे नसले, की एक कागद कमी आहे म्हणायचे.

त्याच वर्षी जूनमध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतकी मारहाण झाली, की मूत्रपिंडाचे दुखणे जन्मभर राहिले. ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सारे सांगितले. ते दूरचित्रवाणीवर दिसू नये म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी ऐन वेळी पत्रकारांना बोलावले. पण रात्री ती साक्ष देशाने ऐकलीच.

१९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांपुरता तो कर गेला. ६ ऑगस्ट १९६५ च्या मताधिकार कायद्याने दक्षिणेतल्या त्या परीक्षा थांबल्या आणि नाव नोंदवायला केंद्राचे अधिकारी पाठवण्याची सोय झाली. मिसिसिपीत नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १९६५ मध्ये शंभरात सात होते, १९६७ मध्ये साठाच्या घरात गेले. माणसे तीच होती, खिडकीपलीकडचा कारभार बदलला होता.

१४ मार्च १९७७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी फॅनीबाई गेल्या. निवडणुकीचे नियम बदलण्याआधी काही राज्यांनी केंद्राची मंजुरी घ्यावी, ही त्या कायद्यातली तरतूद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निष्प्रभ झाली. हक्क घटनेत लिहून भागत नाही. तो मागायला कुणीतरी खिडकीपाशी उभे राहावे लागते, आणि नकार मिळाला तर पुन्हा जावे लागते.