हेन्री मॉडस्ले

सायकलचा एखादा नट हरवला, तर आपण दुकानातून त्याच मापाचा दुसरा नट आणतो. तो बरोबर बसतो. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी असे नव्हते. कारागीर स्क्रूचे आटे हाताने, अंदाजाने पाडत. एका स्क्रूचा नट दुसऱ्याला बसत नसे. ही अडचण दूर करणाऱ्यांत हेन्री मॉडस्ले यांचे नाव मोठे आहे.

मॉडस्ले यांचा जन्म १७७१ साली इंग्लंडमधील वुलिच येथे झाला. वयाच्या १२ व्या वर्षी ते तेथील सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात काडतुसांत दारू भरण्याच्या कामाला लागले. पुढे ते सुतारकाम व लोहारकाम शिकले. त्यांच्या कसबाची कीर्ती लंडनपर्यंत गेली. कुलपे बनवणारे जोसेफ ब्रामा यांनी १८ वर्षांच्या या मुलाला आपल्याकडे बोलावले. लवकरच ते तेथील मुख्य कारागीर झाले. पण संसार वाढला, तरी मजुरी वाढेना. आठवड्याचे ३० शिलिंग पुरेनात. मालकाने वाढ नाकारली, तेव्हा १७९७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि लंडनमध्येच स्वतःचा छोटा कारखाना काढला.

सुमारे १८०० साली त्यांनी आटे पाडणारे लोखंडी लेथ यंत्र तयार केले. पूर्वी कारागीर हत्यार हातात धरत. हात जरा हलला, की माप चुके. या यंत्रात हत्यार घट्ट बसवलेले असे आणि एक लांब स्क्रू ते ठरावीक गतीने पुढे सरकवी. त्यामुळे सगळे आटे सारखे पडत. माप तपासण्यासाठी त्यांनी अतिशय अचूक मायक्रोमीटरही बनवला.

मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यांवरून त्यांनी पोर्टस्मथच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी ४५ यंत्रे तयार केली. ११० कारागिरांचे काम आता १० माणसे करू लागली.

मॉडस्ले यांनी आपले ज्ञान लपवून ठेवले नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांची मापे सर्वत्र एकसारखी असावीत, अशी योजना मांडली.

१८३१ साली मॉडस्ले यांचे निधन झाले. जुनी यंत्रे बहुधा भंगारात जातात. पण त्यांचे ते लेथ आणि कप्प्यांची काही यंत्रे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवली आहेत. काडतुसे भरणारा एक गरीब मुलगा मेहनतीने कुठवर पोहोचला, याची ती यंत्रे आजही साक्ष देतात.