घड्याळाशी शर्यत : बेरिल बर्टन

सायकल ही आपल्या खेड्यापाड्यांतली घरचीच वस्तू. दुधाची कॅटली, चाऱ्याचा भारा, शाळेचे दप्तर सगळे तिच्यावरच चालते. पण सायकलची शर्यत म्हटली की आपल्याला एकच नाव आठवते, ते म्हणजे १९४५ साली सुरू झालेली मुंबई-पुणे शर्यत. सारे स्पर्धक एकदम सुटतात, घोळक्याने पळतात आणि बोरघाट आधी चढेल तो घाटांचा राजा ठरतो.

शर्यतीचा आणखी एक प्रकार आहे. त्याला टाइम ट्रायल म्हणतात. यात स्पर्धक एकेक मिनिटाच्या अंतराने एकटाच सुटतो. पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा नाही, कोणाची सोबत घ्यायची नाही. ठरलेले अंतर कमीत कमी वेळात कापायचे, किंवा ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त अंतर कापायचे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार रुजला. या खेळातील ज्या बाईने मला भारून टाकले, त्या बेरिल बर्टनचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

बेरिलचा जन्म १२ मे १९३७ रोजी लीड्स शहराजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. अकराव्या वर्षी मुलांची पुढची शाळा ठरवणारी एक परीक्षा तेव्हा तेथे असे. त्या परीक्षेच्या ताणाने ही मुलगी कोसळली. पाठोपाठ संधिवाताचा ताप आला. हातापायांवर ताबा राहिना, काही काळ वाचाही गेली. नऊ महिने रुग्णालयात आणि त्यानंतर सव्वा वर्ष आरोग्यधामात काढावे लागले. हृदयावर परिणाम झाल्याने डॉक्टरांनी जड श्रम करू नयेत असे बजावले. शिक्षण तेथेच संपले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. एका परीक्षेने माणसाची वाट कशी बंद होते, हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तेथे चार्ली बर्टनची ओळख झाली. चार्ली सायकलवेडा. १९५५ साली दोघांचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी डेनिस ही मुलगी झाली. सायकल बेरिलच्या आयुष्यात आली ती चार्लीमुळे. मॉर्ली सायकलिंग क्लबच्या सहलींत सुरुवातीला ती मागे पडे आणि चार्ली तिच्या पाठीला हात लावून चढावर ढकले. दोन-तीन वर्षांतच चित्र पालटले. चार्लीने स्वतःची शर्यत बाजूला ठेवली. सायकलची दुरुस्ती, प्रवास, मुलीला सांभाळणे हे सारे त्याने अंगावर घेतले. असा नवरा आपल्याकडे किती जणींना लाभतो, याचा विचार वाचकांनीच करावा!

१९५९ साली बेल्जियममध्ये ती पाठलाग शर्यतीत जगज्जेती झाली. हे अजिंक्यपद तिने एकूण पाच वेळा मिळवले आणि रस्त्यावरील शर्यतीचे दोनदा, १९६० व १९६७ साली. आपल्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक असलेल्या रॅले कंपनीने तिला व्यावसायिक करार देऊ केला, पण तिने तो नाकारला. ती शेवटपर्यंत हौशी खेळाडूच राहिली. मग पोटाचे काय? मॉर्लीच्या निम कार्लाइनच्या शेतावर ती रुबार्ब या भाजीच्या पिकात मजुरी करी. कार्लाइन स्वतः चोवीस तासांच्या शर्यतीतला विजेता होता. हिवाळाभर खणायचे, ओझी उचलायची आणि उरलेल्या वेळात सायकल, हाच तिचा सराव. वसंतात हंगाम सुरू झाला की शरद ऋतूपर्यंत आठवड्यामागून आठवडे शर्यती चालत. २५, ५० व १०० मैलांतील उत्तम वेगांची सरासरी काढून वर्षाची सर्वश्रेष्ठ सायकलपटू ठरे. हा मान तिने १९५९ ते १९८३ असा सलग २५ वर्षे राखला!

या शर्यतीचे मर्म गतीच्या हिशेबात आहे. सुरुवातीलाच जोर संपवला तर पुढे पाय साथ देत नाहीत, आणि फार जपून गेले तर शिल्लक राहिलेली ताकद वाया जाते. तीन तासांच्या पेपरात पहिल्याच प्रश्नावर तास घालवणाऱ्याची जी गत होते, तीच येथे होते. बेरिलने हा हिशेब अंगी मुरवला होता. १९६३ साली २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, एका तासाच्या आत कापणारी ती पहिली स्त्री ठरली. १९६८ साली १०० मैल चार तासांच्या आत झाले.

पण तिच्या पराक्रमाचा कळस म्हणजे १७ सप्टेंबर १९६७ ची बारा तासांची शर्यत. स्त्रिया पुरुषांच्या मागून सुटल्या होत्या. पुरुषांतला माइक मॅकनमारा त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडायला निघाला होता. बेरिलने त्यालाही गाठले आणि मागे टाकताना ज्येष्ठमधाची एक गोळी त्याच्यापुढे केली. त्याने ती घेतली. बारा तासांत तिचे २७७.२५ मैल झाले, म्हणजे ४४६ किलोमीटर. मेडशी ते अकोला सुमारे पन्नास किलोमीटर धरले, तर ही बाई बारा तासांत जवळजवळ नऊ वेळा तेवढा रस्ता तुडवून गेली! मॅकनमाराने पुरुषांचा नवा विक्रम केला खरा, पण तो बेरिलच्या आकड्यापेक्षा कमीच होता. पुरुषांना तिला मागे टाकायला १९६९ साल उजाडले आणि स्त्रियांना २०१७!

तिच्या चरित्रात एक डागही आहे. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत तिच्याच मुलीने, डेनिसने तिला हरवले. विजेत्यांच्या मंचावर बेरिलने लेकीचा हात हाती घेतला नाही. मला हे पटत नाही. ज्या जिद्दीने तिला आजारातून उठवले, तीच जिद्द त्या दिवशी आईपणाच्या आड आली असावी. पुढे १९८२ साली मायलेकींनी जोडसायकलवर मिळून १० मैलांचा विक्रम केला, हे वाचून मात्र बरे वाटते.

ऑलिंपिकचे पदक तिच्या नावावर नाही, कारण १९८४ पर्यंत तेथे स्त्रियांची सायकल शर्यतच नव्हती. तोवर ती ४७ वर्षांची झाली होती. स्त्रियांची टाइम ट्रायल तर १९९६ साली अटलांटात आली. त्याच वर्षी ५ मे रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवसाची निमंत्रणे वाटायला ती सायकलवरून निघाली असता तिचे हृदय बंद पडले. ज्या हृदयाला जपण्याचा सल्ला बालपणी मिळाला होता, त्याच हृदयाच्या बळावर ती चाळीस वर्षे धावली.

आज आपल्या भागातही शासनाने दिलेल्या सायकलींवरून मुली शाळेत जाताना दिसतात. त्यांच्यापैकी प्रत्येकीने शर्यतच जिंकावी असे नाही. पण बारावीनंतर ती सायकल भिंतीला टेकून गंजत पडू नये, एवढे तरी व्हावे. दुसऱ्याने आखून दिलेली मर्यादा ही आपली खरी मर्यादा असतेच असे नाही, आणि ती कोठे आहे हे निघाल्याशिवाय कळत नाही. बेरिल बर्टनच्या आयुष्यातून मी एवढेच शिकले.

— बी. ए. द्वितीय वर्ष